उलटं खोबरेल

खोबरेल थंडीत गोठतं आणि उबेला सुटतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी समुद्रकाठच्या गावातली. आमच्याकडे तेल गोठण्याएवढी थंडी वर्षातून चार-दोन सकाळीच पडते, आणि त्या सकाळी आई बाटली चुलीच्या कडेला सरकवून ठेवायची. लग्नानंतर नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी अमरावतीला आले. पहिल्याच डिसेंबरात बाटली दगड झाली. मग मी रोज सकाळी ती काखेत धरूनच चहा ठेवायचे. चहा उकळेपर्यंत तेल सुटलेलं असायचं.

एवढंसं ज्ञान. त्याच ज्ञानाने मी एक काम नासवलं, आणि त्याचा दोष दुसरीवर जाऊ दिला.

माझी शाळा सहावीत सुटली. धाकटी भावंडं सांभाळायची होती, आणि गणितही जमत नव्हतं. दोन्ही खरं आहे, पण मी लोकांना पहिलंच सांगते. अमरावतीत मला काम मिळालं ते एका प्रयोगशाळेत, काचेची भांडी धुण्याचं. दोनच खोल्यांची प्रयोगशाळा. तिथे कॅन्सरच्या पेशी वाढवतात. ऐकून मी घाबरले होते, लागण होते की काय म्हणून. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी शिक्षण विचारलं. मी सहावी म्हटलं आणि जायला वळले. त्या म्हणाल्या, "थांबा, हात दाखवा." मी दाखवले. नखं कापलेली होती. "उद्यापासून या," म्हणाल्या. त्या दिवसापासून मॅडमसमोर मी थोडी वाकूनच उभी राहते. परक्या गावात मला 'ताई' म्हणून हाक मारणारं पहिलं माणूस त्या होत्या.

हळूहळू त्यांनी मला बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकवली. निर्जंतुक करण्याचं यंत्र लावायला शिकवलं. एकदा तर सूक्ष्मदर्शकाखाली दोन बशा ठेवून म्हणाल्या, "बघा ताई, फरक सांगा." पहिल्या बशीत पेशी प्लॅस्टिकवर पसरल्या होत्या, चपट्या, अंगणात सांडगे घालावेत तशा. दुसरीत त्यांचे गोळे झाले होते, तुतीच्या फळासारखे, दाण्याला दाणा चिकटून.

"या चपट्या, त्या गोल," मी म्हटलं.

"आपल्या शरीरात गाठ असते ती काय चटईवर पसरलेली असते का?"

"नाही."

"मग चपट्या पेशींवर औषध करून बघायचं आणि ते माणसाला लागू पडेल म्हणायचं, हे जरा धाडसाचंच. म्हणून हे गोळे. यांना सगळ्या बाजूंनी आधार दिला की त्या शरीरात वागतात तशा वागायला लागतात."

तो आधार म्हणजे जेल. बोटभर नळ्यांमध्ये भरून ते फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतात. लागणार असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी एक नळी काढायची, बर्फाच्या डब्यात खुपसायची आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. सकाळपर्यंत जेल पातळ होतं. हे काम माझं होतं. मॅडमनी नियम सांगितला होता: बर्फात, फ्रिजमध्ये, रात्रभर. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सहावीवालीने विचारलेला प्रश्न सहावीचाच निघेल, अशी मला कायम धास्ती असायची. न विचारणं हे मला त्या काळात शहाणपण वाटायचं.

प्रयोगशाळेत एक मुलगी पीएचडी करत होती. चांदूर बाजारची. बोलायला फटकळ, आणि डब्यातलं अर्धं मला दिल्याशिवाय न जेवणारी. मला 'मावशी' म्हणायची. "मावशी, तुमच्या कोकणात भाजीत तिखट टाकतच नाई का हो? मले तं तुमची भाजी खाऊन सर्दी झाल्यावानी वाटते." मी म्हणायचे, "तुमची खाल्ली की आमची सर्दी पळते." असं आमचं चालायचं.

आतापर्यंत तिने बाजारात मिळणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या बशीतच वाढलेल्या पेशींवर काम केलं होतं. आता पहिल्यांदा तिला खऱ्या रुग्णाच्या गाठीतला तुकडा मिळणार होता. शस्त्रक्रिया अकोल्याला होती. तुकडा बर्फाच्या डब्यातून आणायचा, त्याच संध्याकाळी कापून पेशी सुट्या करायला ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जेलमध्ये लावायचा. मॅडमनी मलाही तिच्याबरोबर धाडलं. "बायांचा दवाखान्यात जरा जीव घाबरलेला असतो. तुम्ही शेजारी बसा, ती फॉर्म वाचेल."

आदल्या दिवशीच गेलो. ती बाई पन्नाशीच्या आतबाहेरची, अंजनगावकडची. फुलकोबी आणि झेंडू लावायची, आणि आपला माल आपण बाजारात नेऊन विकायची. छातीत गाठ. खाटेवर मांडी घालून बसली होती, जणू आम्हीच आजारी आणि ती भेटायला आलेली.

मुलीने फॉर्म वाचला आणि मग साध्या बोलीत सांगितलं, "काकू, डॉक्टर गाठ काढतील. थ्यातला तपासणीले लागते तेवढा भाग इथंच राहील. उरलेल्यातला एक तुकडा तुमी हो म्हणत असान तं आमी नेऊ. थ्याच्या पेशी आमी वाढवतो."

"काय करता?"

"वाढवतो."

बाई माझ्याकडे बघायला लागली. "आईका! इथं डॉक्टर काढून फेकून राहिले, अन् हे पोट्टी घरी नेऊन वाढवून राहिली."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मुलगीही हसली. मग तिने नीट समजावलं की त्या वाढलेल्या गोळ्यांवर वेगवेगळी औषधं घालून बघतात. याचा तुम्हाला फायदा होईलच असं नाही, पुढच्या बायांना होईल.

"होऊ दे ना मंग. पुढच्या बायाही आपल्याच हायेत." तिने सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं काढून. पेन परत देताना मला म्हणाली, "पण अर्धवट नोका वाढवू. मले कोणतीच गोष्ट अर्धवट वाढलेली आवडत नाई. थ्याले खत-पाणी कोण करते? तुमी?"

मी भांडी धुणारी. 'नाही' म्हणायला हवं होतं. पण तिने मला त्या कामातली समजून विचारलं, याचाच मला एवढा आनंद झाला की मी म्हटलं, "हो. मी आहे ना. काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुकडा मिळाला. एसटीत डबा आम्ही आळीपाळीने मांडीवर धरला. मूर्तिजापूर गेल्यावर तिचा डोळा लागला तेव्हा तो माझ्याकडे होता. गचका बसला की मी आतलं कुणी जागं होईल अशा बेताने डबा सावरत होते. प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तिने लगेच कापायला घेतलं. अर्धा भाग पेशी सुट्या करायला लावला, अर्धा जपून थंड ठेवला. मला म्हणाली, "मावशी, जा तुमी आता, दमल्या असान. जेल तेवढं काढून ठेवजा."

मी "हो" म्हटलं, चप्पल घातली आणि निघाले. रिक्षात नवऱ्याला फोन करून सगळा दिवस सांगितला: डबा, एसटी, ती बाई काय म्हणाली ते. जेल फ्रीजरमध्येच राहिलं.

आठवलं ते सकाळी, काखेत खोबरेलची बाटली धरून चहा ठेवताना. तशीच धावत सुटले. पोचले तेव्हा कुणी आलेलं नव्हतं. नळी काढली. आत जेल पांढुरकं, कडक. मुलगी अकराला लावायला बसणार होती. आणि मी तेच केलं जे रोज सकाळी करते. नळी मुठीत धरली. मग काखेत.

थोड्या वेळाने बघितलं तर ते सुटलं होतं. फिकट गुलाबी, पाण्यासारखं. मला इतकं हायसं वाटलं की मी देवाला हात जोडले. अजून नीट सुटावं म्हणून आणखी थोडा वेळ धरली. पुन्हा बघितलं तर नळी आडवी केली तरी आतलं हलेना. कोवळ्या शहाळ्यातल्या मलईसारखं थरथरत होतं. मला वाटलं, ऊब कमी पडली. गरम पाण्याच्या नळाखाली धरली. ते आणखीच घट्ट झालं.

तेव्हा मला कळलं की काहीतरी बिघडलंय. काय, ते कळलं नाही, पण बिघडवलं मी, हे कळलं. फ्रीजरमध्ये आणखी तीन नळ्या होत्या. एखादी बर्फात ठेवून मुलीला सांगितलं असतं की मावशी काल विसरली, तर ती चार शब्द बोलली असती आणि दुपारी काम केलं असतं. एवढंच होतं ते. मी नळी बर्फात खुपसली, डबा खालच्या कप्प्यात ठेवला, जसा रात्रभर असायला हवा होता तसा, आणि भांडी धुवायला घेतली.

अकरापर्यंत ते थोडंफार सैल झालं. मुलीने नळी उजेडात धरली. "जरा घट्ट वाटून राहिलं आज." मी मान वर केली नाही. पिपेटची टोकंही तिने बर्फात गार केलेली होती. एकेक थेंब बशीत ठेवत गेली. श्वास धरून काम करायची तिची सवय. त्या श्वासाचा आवाज बंद झालेला मला मोरीपाशी ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. जेलचे थेंब ठिकठिकाणी फाटलेले, गुठळ्या झालेले. पेशी खाली प्लॅस्टिकवर घसरून चपट्या पडलेल्या, बऱ्याचशा मेलेल्या. एकही गोळा नाही. आणि जपून ठेवलेला अर्धा भाग एका दिवसापलीकडे कामाचा राहत नाही. तोही गेला होता.

मॅडम ओरडत नाहीत. त्या हळू बोलायला लागल्या की माणूस घाबरतो. "टोकं गार नव्हती तुझी. हातात जेल गोठलं."

"होती, मॅडम."

"मग हे काय आहे?"

मुलगी माझ्याकडे वळली. तिला माझ्यावर संशय नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. बुडणारं माणूस जवळचं काहीही धरतं तसं तिने विचारलं. "मावशी, जेल रात्रीच काढून ठेवलं होतं ना तुमी?"

"हो," मी म्हटलं.

एक अक्षर. तेवढ्यावर मॅडमनी ठरवलं की रुग्णांचे तुकडे यापुढे तिला द्यायचे नाहीत. तिने बाजारच्या पेशींवरच काम उरकावं. म्हणजे ज्या कामासाठी ती चांदूर बाजारहून येऊन वसतिगृहात राहिली होती, ते काम तिच्या हातातून गेलं. मला मात्र मॅडम जाताना म्हणाल्या, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." माझा उतरलेला चेहरा त्यांनी चुकीचा वाचला होता.

पुढचे दिवस मी कसे काढले ते लिहायला लाज वाटते, कारण बाहेरून बघणाऱ्याला मी फार चांगली वागत होते. तिच्यासाठी चहा आणायचे. डब्यात तिच्यापुरतं तिखट टाकायचे. नोकरी गेली तर नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात कसं भागेल, याचा विचार करून मी स्वतःला समजावत होते; पण खरी भीती ती नव्हती. मॅडमच्या तोंडचं 'ताई' जाईल, ही होती.

मुलीला खरंच वाटायला लागलं होतं की आपला हात जड आहे. दुपारी सगळे गेले की ती महागड्या जेलऐवजी खायच्या जेलीचं चायना ग्रास विरघळवून घ्यायची आणि रिकाम्या बशीत थेंब ठेवायचा सराव करायची. "मावशी, घड्याळ पाहा, एका थेंबाले किती वेळ लागून राहिला ते सांगा." मी तिच्याशेजारी उभी राहून सेकंद मोजायचे. जे तिला आधीपासून नीट येत होतं ते ती पुन्हा शिकत होती, आणि मी "छान पडला हा," असं म्हणत होते.

एका सकाळी ती डोक्यावरून न्हाऊन आली. पिशवीतून खोबरेलची बाटली काढली, ती गोठलेली. दोन तळव्यांत धरून चोळत माझ्याशी बोलत बसली. तेल सुटायला लागलं तशी हसली.

"मावशी, गंमत पाहा. जेल याच्या उलटं राहते. खोबरेल थंडीत गोठते, उबेत सुटते. जेल बर्फात पातळ, अन् ऊब लागली का गोठते. अन् एकदा गोठलं का मंग कितीही बर्फात ठेवा, पयल्यासारखं होतच नाई. उलटं खोबरेल. हे मले पयल्या वर्षी कोणी असं सांगतलं असतं तं किती सोपं झालं असतं!"

ती बाटली उघडून तेल हातावर घेत होती. माझ्या डोळ्यांसमोर काखेतली नळी आली. तोवर मला एक आडोसा होता: नक्की काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही, कदाचित तिचंही चुकलं असेल. तो आडोसा तिनेच काढून घेतला, न कळता, केसांना तेल लावता लावता. तेव्हाही मी "तेल चांगलं आहे," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या आल्या मी त्यांच्या टेबलापाशी गेले. बसले नाही. विसरले ते सांगितलं, मूठ सांगितली, काख सांगितली, गरम पाण्याचा नळ सांगितला, आणि ते 'हो' सांगितलं. मॅडमनी वही काढली. "कोणती नळी? किती वेळ धरली?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. लिहून झाल्यावर पेनाचं टोपण लावलं.

"नियमाचं कारण मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. ती चूक माझ्याकडे. नळीचं मी विसरेन, ताई. पण त्या पोरीने तुमच्याकडे बघून विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, ते नाही विसरणार."

त्यांनी मला काढलं नाही. फ्रीजरची किल्ली मागून घेतली.

मग त्यांनी मुलीला बोलावलं आणि माझ्यासमोरच सगळं सांगितलं. पुढचा तुकडा तुझा, म्हणाल्या. मुलगी ऐकत होती आणि बघत माझ्याकडे होती. मला वाटलं ओरडेल. मी ओरडण्याची वाट बघत होते. त्याने बरं वाटलं असतं.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "मी चायना ग्रास घेऊन बसली होती, अन् तुमी घड्याळ पाहून राहिल्या होत्या."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"हो ना." ती उठली. दारातून वळून म्हणाली, "चहा नोका आणू आज, ताई."

मला आधी कळलंच नाही की काय बदललं. रात्री भात लावताना लक्षात आलं: मावशीची ताई झाली होती. मॅडमच्या तोंडून ज्या शब्दाने मी उभी राहिले होते, तोच तिच्या तोंडून ऐकला आणि बसावंसं वाटलं.

दीड महिन्याने पुन्हा अकोल्याला जायचं होतं, दुसऱ्या एका रुग्णाचा तुकडा आणायला. मला वाटलं एकटीच जाईल. पण मॅडम म्हणाल्या दोघी जा, आणि एसटीत तिने दोन तिकिटं काढली. दवाखान्याच्या व्हरांड्यात झेंडूवाली बाई बसलेली दिसली. पुढच्या उपचारांसाठी आली होती. डोक्याला रुमाल, बाकी तशीच मांडी घालून. तिने आम्हाला लांबूनच ओळखलं.

"अवो बाई! वाढली का माही गाठ?"

मुलगी थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. मी पुढे झाले.

"नाही वाढली," मी म्हटलं. "तिचं सामान मी नासवलं. या पोरीची काही चूक नव्हती. तुम्हाला मी म्हटलं होतं, मी आहे ना. माझ्यामुळेच गेली."

"मेली?"

"हो."

बाई मोठ्याने हसायला लागली. रुमाल घसरला तो तिने एका हाताने सावरला. "अन् थ्याच्यासाठी तुमी डोळ्यात पाणी आणून राहिल्या? थ्या गाठीनं मले किती छळलं, बाप्पा! मेली तं मेली. मले विचारसान तं तुमीच खरं औषध हाय." पिशवीत हात घालून तिने फुलकोबीचा गड्डा काढला. डॉक्टरसाठी आणला असावा. "घ्या. गाठ मारल्याबद्दल."

मी नको नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. माफी मागायला गेलेल्या माणसाच्या हातात गड्डा ठेवला की त्याने काय करायचं असतं, मला माहीत नाही. तिने मला माफ केलं नाही. माफ करण्यासारखं काही झालंय हेच तिला पटलं नाही. मुलीने मात्र माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. बर्फाचा डबा तिच्या मांडीवर, फुलकोबी माझ्या. मूर्तिजापूरला तिने डबा माझ्याकडे दिला नाही. मीही हात पुढे केला नाही. बडनेरा जवळ आल्यावर ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "जेल आज मी काढून ठेवीन."

"बरं," मी म्हटलं.

थोड्या वेळाने म्हणाली, "तुमी मले आठवण करून देजा. मी दमली तं विसरीन."

हाक कोणतीच मारली नाही, ना मावशी, ना ताई. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. प्रयोगशाळेत पोचलो. तिने तुकडा कापायला घेतला. मी चप्पल न घालता फ्रीजरपाशी जाऊन उभी राहिले आणि तिथूनच म्हटलं, "जेल."